वर्गालाही इंडिकेटर हवं : स्वमग्न मुलांसाठी वर्ग कसा लावावा

दादरला संध्याकाळच्या गर्दीत प्लॅटफॉर्मवरचं इंडिकेटर बंद पडलेलं तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. गाड्या येतच असतात, तरी दोन मिनिटांत सगळा प्लॅटफॉर्म अस्वस्थ होतो. जो तो शेजारच्याला विचारतो, "ही कुठली? स्लो का?" कुणी रुळांकडे वाकून बघतं, कुणी जिना चढून पलीकडे पळतं, कुणी उगाच कुणावर तरी खेकसतं. एरवी शांत असणारी माणसं असतात ही.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेलं मूल आपल्या वर्गात बहुतेक दिवस अशाच प्लॅटफॉर्मवर उभं असतं. आता काय चाललंय, ते किती वेळ चालणार, संपलं हे कसं कळणार आणि मग काय, हे बाकीची चाळीस मुलं बाईंच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून, शेजाऱ्याने दप्तर आवरायला घेतलं यावरून ओळखतात. या मुलाला ते तसं उचलता येत नाही. मग ते उठतं, ओरडतं, बाकाखाली जातं, दाराकडे धावतं, आणि शाळेत त्याचं नाव पडतं 'त्रास देणारं मूल'.

मी अठरा वर्षं मुंबईतल्या मराठी शाळांमध्ये विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे. मुलाला वर्गात बसवायच्या खटपटीला लागण्याआधी वर्गाने त्याच्याशी बोलायला शिकलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. बाईंनी तोंड उघडायच्या आधी भिंतीने, बाकाने, टेबलावरच्या डब्याने त्याला सांगायला हवं : आता हे, एवढं, इथपर्यंत, आणि मग ते. लोकलचं इंडिकेटर तेच करतं. गाडी कुठली, किती डब्यांची, किती मिनिटांत, आणि पुढची कोणती.

पहिली ते पाचवीचा साधा वर्ग, चाळीस-पंचेचाळीस मुलं, त्यात एक-दोन स्वमग्न मुलं आणि दुपारी तीच खोली दुसऱ्या सत्राला द्यायची, अशी परिस्थिती गृहीत धरून मी हे लिहिते आहे. यातली मूळ चौकट माझी नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एरिक शॉपलर यांनी १९७२ मध्ये 'टीच' नावाचा कार्यक्रम सुरू केला. जागेची मांडणी, डोळ्यांना दिसणारं वेळापत्रक, काम मांडायची ठरलेली पद्धत हे त्याचे आधार. अनेक स्वमग्न मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं लवकर कळतं, शिवाय चित्र समोर टिकतं, शब्द हवेत विरतो. आपल्या शाळांमध्ये हे कसं बसवायचं, ते मात्र आपल्यालाच शोधावं लागलं.

पहिला आठवडा : फक्त बघा आणि लिहा

नवीन मूल आलं की पहिल्याच दिवशी तक्ते लावू नका. एक शंभर पानी वही घ्या. पानावर तीन रकाने आखा : आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. डाव्या समासात वेळ लिहा, मिनिटासकट. आठवडाभर हे केलं तर निम्मं कोडं सुटतं.

दुसरीतला एक मुलगा होता, इथे त्याला ओम म्हणू. रोज परिपाठाला तो कान दाबून खाली बसायचा. हाताला धरून उभं केलं तर चावायचा. सगळ्यांचं म्हणणं एकच, याला प्रार्थना आवडत नाही. पण तीच प्रार्थना तो संगीताच्या तासाला स्वतःशी गुणगुणायचा, सुरात. हे जुळत नव्हतं. वहीत वेळा लिहू लागले तेव्हा पाचव्या दिवशी लक्षात आलं की तो प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच खाली बसतो. सर माइक चालू करायचे, स्पीकरमधून खर्रर्र असा आवाज यायचा, मग टकटक आणि "हॅलो, हॅलो". त्याला त्या खरखरीचा त्रास होता. तो आवाज येणार हे माहीत असल्यामुळे रांगेत उभं राहिल्यापासूनच तो कान सांभाळत असायचा.

मग आम्ही दोनच गोष्टी केल्या. माइक आधी तपासून ठेवायचा आणि तो चालू झाल्याची खूण मिळाली की मावशींनी ओमला मैदानात आणायचं. शिवाय स्पीकरपासून लांब, शेवटच्या रांगेच्या टोकाला त्याची जागा. हातात एक छोटं कार्ड : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, बातम्या, सुविचार. एकेक झालं की पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. तीन आठवड्यांनी तो पूर्ण परिपाठ उभा राहून करू लागला. चावणं बंद करण्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

वहीत चांगल्या गोष्टीही लिहा. काय हातात असलं की मूल शांत असतं, कुणाजवळ आपणहून जाऊन बसतं, डब्यातलं काय खातं, काय हवं असलं की कसं सांगतं. घरी आई, आजी जे सांगतात ते शब्दशः उतरवून घ्या. "त्याला पंख्याकडे बघत बसायला आवडतं" एवढी साधी माहिती पुढे फार कामाला येते.

आणि मुलींकडे जास्त लक्ष द्या. बाजूचीचं बघून वही उघडणारी, कुणाशी भांडत नाही म्हणून 'गुणी' ठरलेली, पण मधल्या सुट्टीत रोज त्याच खांबाजवळ एकटी उभी असलेली मुलगी वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेत येत नाही.

खोली

स्वमग्न मुलाला शेवटच्या बाकावर बसवण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. तिथून त्याला फळ्यापेक्षा चाळीस हलणारी डोकी जास्त दिसतात. पहिली किंवा दुसरी रांग, भिंतीकडची बाजू, दारापासून आणि रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब, ही जागा सगळ्यांत बरी. शेजारी कमी बोलणारं, शांत मूल. जागा ठरली की ती वर्षभर तीच. दर सोमवारी बाक फिरवण्याचा तुमचा नियम असेल तर याला त्यातून वगळा आणि का वगळलं ते मुलांना सरळ सांगा.

जागा ठरवण्याआधी त्या बाकावर स्वतः पाच मिनिटं बसा. डोक्यावरचा पंखा कुईंकुईं करतोय का? ट्यूबलाइट लुकलुकते का? समोरच्या भिंतीवर फळं, फुलं, वाहनं, पाढे, सुविचार असे अकरा तक्ते एकदम अंगावर येतात का? बाकाच्या समोरची भिंत शक्य तितकी मोकळी ठेवा, तक्ते मागच्या भिंतीवर न्या. लुकलुकणारी ट्यूब बदलून घेण्यासाठी अर्ज करावा लागला तर करा, महिना लागला तरी करा.

जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावून त्याची जागा आखा. बाकाभोवती चौकोन, आणि बाकापासून दप्तराच्या जागेपर्यंत एक पट्टा. कुठे संपतं 'माझं' आणि कुठे सुरू होतं 'दुसऱ्याचं', हे त्या पट्टीवरून कळतं. रांगेत उभं राहायचं असेल तिथे पावलांचे ठसे चिकटवा. 'रांगेत नीट उभा राहा' हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं वापरलेलं नाही, ठसे पुरतात.

दोन सत्रांच्या शाळेत भिंतीवर काही टिकत नाही, हे खरं आहे. दुपारच्या मुलांनी ओढून काढलेली कार्डं मीही कितीदा गोळा केली आहेत. म्हणून आता मी सगळं एका कापडी पिशवीत ठेवते. वेळापत्रकासाठी परीक्षेचं पॅड, त्यावर आडवी बांधलेली सुतळी आणि कपड्यांचे लहान चिमटे. सकाळी पिशवीतून काढायचं, बाकावर ठेवायचं, सुटताना परत पिशवीत. पिशवी कपाटात कुलूप लावून.

शाळेत एखादी अर्धी खोली, जिन्याखालची जागा किंवा कपाटाने आडोसा केलेला कोपरा मिळाला तर तिथे शांत कोपरा करा. सतरंजी, एक लोड, जाड चादर, कमी उजेड, बस. तिथे खेळण्यांचा ढीग नको. मूल बरं असताना, हसत असताना त्याला तिथे रोज पाच मिनिटं न्या, म्हणजे ती जागा त्याची होते. आणि शिक्षा म्हणून एकदाही तिथे पाठवू नका. एकदा पाठवलंत की तो कोपरा गेला.

वेळापत्रक : वर्गाचं इंडिकेटर

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यांत जास्त फरक याने पडतो आणि सगळ्यांत जास्त चुकाही इथेच होतात.

आधी मुलाला काय समजतं ते ठरवा. चित्र म्हणजे खऱ्या वस्तूची खूण, हे काही मुलांना अजून कळत नाही. त्यांच्यासाठी वस्तूच वापरा : चमचा म्हणजे मधली सुट्टी, छोटा चेंडू म्हणजे पीटी, खडू म्हणजे फळ्यावरचा तास. त्यापुढची पायरी फोटोची, मग चित्राची, मग नुसत्या शब्दाची. काही मुलं चौथ्या वर्षीच अक्षरं वाचतात, पण बोलत नाहीत. त्यांना थेट लिहिलेली यादी द्या, चित्रांत अडकवू नका.

फोटो काढायचा तो तुमच्याच शाळेचा. माझ्या एका सहकारी बाईंनी हौसेने इंटरनेटवरून शौचालयाचं सुंदर रंगीत चित्र छापून लॅमिनेट करून आणलं. चित्रात पांढरा कमोड. शाळेत भारतीय पद्धतीची भांडी आणि बाहेर हिरवं दार. मूल ते कार्ड हातात घेऊन पूर्ण व्हरांडा फिरलं, चित्रातली वस्तू त्याला कुठेच सापडली नाही, आणि वर्गात परत येऊन त्याचे कपडे ओले झाले. दुसऱ्या दिवशी बाईंनी मोबाइलवर हिरव्या दाराचा फोटो काढला, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला. दोन दिवसांत मूल एकटं जाऊन येऊ लागलं.

सुरुवातीला पूर्ण दिवस दाखवू नका. दोनच कार्डं : आधी – मग. आधी गणित, मग ठोकळे. हे कळलं की तीन, मग मधल्या सुट्टीपर्यंतचा अर्धा दिवस. वरून खाली किंवा डावीकडून उजवीकडे, पण एकदा ठरवलं की बदलायचं नाही.

आता वापरण्याची पद्धत. तास बदलला की मुलाला वेळापत्रकाजवळ आणा. त्याने पुढचं कार्ड स्वतः काढायचं, हातात घेऊन त्या जागी जायचं आणि काम संपलं की ते 'झालं' लिहिलेल्या पाकिटात टाकायचं. पाकीट जाड, आवाज न करणारं. पहिले काही दिवस तुम्ही मागे उभं राहून त्याचा हात हलकेच कार्डाकडे न्याल. बोलू नका, फक्त हात. दहा-बारा दिवसांत तुमचा हात कमी होत गेला पाहिजे. पुष्कळ वर्गांमध्ये वेळापत्रक भिंतीवर शोभेसाठी लटकतं आणि बाई तोंडाने सूचना देत राहतात. मग "आमच्याकडे चित्रांचा काही उपयोग झाला नाही" असं ऐकायला मिळतं. इंडिकेटर आहे, पण त्याच्याकडे बघायला कुणी शिकवलंच नाही.

आणि एक कार्ड असं हवं, ज्याच्याशिवाय मुंबईत चालणारच नाही : 'बदल'. जुलैत मैदानात पाणी साचतं, पीटी रद्द. दुपारी अचानक निरोप येतो, पाऊस वाढलाय, शाळा सोडा. बाई रजेवर, सर निवडणुकीच्या कामावर. म्हणून जूनमध्येच हे कार्ड शिकवा, आणि आधी चांगल्या बदलांनी शिकवा. व्याकरणाच्या कार्डावर 'बदल' लावा आणि त्याच्या जागी रंगकाम द्या. आठवड्यातून दोनदा असं केलं की मुलाला कळतं, हे कार्ड आलं म्हणजे काही भयंकर नाही. मग एक दिवस मैदानाच्या कार्डावर ते लावलंत तरी मूल रडेल, पण कोसळणार नाही. पावसाने लवकर सुटायचं झालं तर घाईत हाताला धरून ओढू नका. अर्धं मिनिट काढा. उरलेली कार्डं त्याच्याकडून 'झालं' पाकिटात टाकून घ्या, 'घर' कार्ड लावा, मग निघा.

वेळ कळण्यासाठी 'पाच मिनिटं' या शब्दाचा फार उपयोग नाही, कारण आपण पाच मिनिटं म्हणतो आणि पंधरा लावतो. वाळूचं घड्याळ चालतं. मी पाच बटणांची पट्टी वापरते, मिनिटाला एक बटण काढायचं. उलटी मोजणी करणारा टायमर बघून काही मुलं घाबरतात, त्यांना तो दाखवू नका.

काम असं मांडा की सूचना लागू नये

चपलांच्या दुकानातून रिकामे खोके मागून आणा. मुलाच्या डाव्या हाताला तीन खोके एकावर एक, मधे मोकळी जागा, उजव्या हाताला मोठा 'झालं' खोका. डावीकडून घ्यायचं, मधे करायचं, उजवीकडे टाकायचं. डावीकडे काही उरलं नाही म्हणजे काम संपलं. 'मग काय' याचं कार्ड शेवटच्या खोक्याच्या तळाशी. कुणी काही बोलावं लागत नाही.

खोक्यात काय? चवळी आणि राजमा वेगळे करणं, बाटल्यांना झाकणं लावणं, जाड पुठ्ठ्यावरच्या आकड्याइतके चिमटे लावणं, नट-बोल्ट, बटणं. सगळं साहित्य पाचशे रुपयांच्या आत होतं, बरंचसं घरातच सापडतं. लहान वस्तू तोंडात घालणारं मूल असेल तर कडधान्य आणि बटणं बाद, मोठे ठोकळे घ्या.

वहीच्या कामालाही तोच नियम. दहा गणितांचं पान समोर ठेवलं की मूल पान फाडतं. पान दुमडा, दोनच गणितं दिसू द्या. कुठे सुरू करायचं तिथे हिरवा ठिपका, कुठे थांबायचं तिथे लाल. हाताची पकड कच्ची असेल तर लिहिण्याऐवजी उत्तराची चिठ्ठी चिकटवू द्या. गणित येतं की नाही हे तपासायचंय, अक्षर नव्हे.

मुलाचं वेड कामाला लावा. आपल्याकडे रेल्वेचं वेड असलेली मुलं खूप भेटतात. मी अशा एका मुलाला चर्चगेटपासून वांद्र्यापर्यंतच्या स्टेशनांच्या चिठ्ठ्या दिल्या आणि क्रमाने लावायला सांगितल्या. मग 'दादरनंतरचं तिसरं स्टेशन कोणतं?' माटुंगा रोड, माहीम, वांद्रे. 'आधी' आणि 'नंतर' हे शब्द त्याला सहा महिने कळत नव्हते, ते या चिठ्ठ्यांवर आठवड्यात बसले. पुढे ८.१२ची गाडी १५ मिनिटं उशिरा आली तर किती वाजता, अशी वेळेची बेरीजही तिथेच झाली.

बोलणं

वाक्य छोटं करा. "चला बाळांनो, आता सगळ्यांनी आपापल्या वह्या बाहेर काढायच्या बघू" यातलं कामाचं काय? "वही काढ." एवढंच बोला आणि मनात दहापर्यंत मोजा. आपण तिसऱ्या सेकंदाला तेच वाक्य वेगळ्या शब्दांत म्हणतो आणि मुलाला पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं. 'धावू नकोस' याऐवजी 'चाल'. काय करायचं नाही, त्यातून काय करायचं हे कळत नाही.

आपली मराठी म्हणी-वाक्प्रचारांनी भरलेली. 'डोकं खाऊ नकोस', 'कान देऊन ऐक', 'तोंडाला कुलूप लाव' हे ऐकून एका मुलीने खरंच दोन्ही कानांना हात लावून ते ओढून बघितले होते. चौथी-पाचवीत अशा वाक्प्रचारांची वेगळी वही करून अर्थ शिकवता येतो, पण सूचना देताना ते टाळा. 'नंतर बघू' हेही टाळा. नंतर म्हणजे कधी, ते कार्डावर दाखवा.

"तुला पाणी हवं?" असं मूलच तुम्हाला विचारत आलं, तर बहुतेक वेळा त्यालाच तहान लागलेली असते. घरी आई हेच वाक्य म्हणते आणि पाणी मिळतं, म्हणून त्याने ते पूर्ण उचललंय. हसू नका, चूक काढू नका. पाणी देता देता त्याच्या बाजूने बोला : "मला पाणी हवं." डोळ्यांत बघून बोलण्याचा आग्रहही सोडा. काही मुलं दुसरीकडे बघूनच नीट ऐकतात.

न बोलणाऱ्या मुलाला संवादाचं साधन पहिल्या महिन्यात मिळालंच पाहिजे. चित्र देऊन वस्तू मागण्याची 'पेक्स' पद्धत १९८५ पासून वापरात आहे. मूल चित्र उचलून समोरच्याच्या हातात ठेवतं, त्याला लगेच ती वस्तू मिळते, इथून सुरुवात. पहिली चित्रं त्याच्या आवडीच्या वस्तूंची. 'शू', 'दुखतंय', 'नको' आणि 'थांबायचंय' ही चार त्यानंतर लगेच. 'नको' म्हणायची सोय नसलेलं मूल ढकलून नको म्हणतं. मोबाइल किंवा टॅब हाताशी असेल तर मुंबई आयआयटीत तयार झालेलं, चित्रांतून संवाद साधायचं 'जेलो' हे अ‍ॅप बघा. चित्रं किंवा अ‍ॅप दिलं की मूल बोलायचं थांबेल अशी भीती पालकांना असते. तसं होत नाही, उलट काहींचं बोलणं वाढतं.

आणखी एक गोष्ट. घरी मराठी बोलणाऱ्या आईला 'आता याच्याशी फक्त इंग्रजीत बोला' असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं, याला संशोधनात आधार मिळालेला नाही. जी भाषा आईला मनापासून येते, त्याच भाषेत तिने त्याला कुशीत घ्यावं.

आवाज, कपडे, वास

बाकाच्या पायांना जुने टेनिस बॉल कापून लावा, बाक ओढल्याचा किंचाळणारा आवाज जातो. टोल पडायच्या दोन मिनिटं आधी मुलाला टोलाचं कार्ड दाखवा, हवं तर कानांवर आवाज रोखणारे हेडफोन. जूनमधला नवा गणवेश दोनदा धुऊन, कॉलरचं लेबल उसवून घालायला घरी सांगा. पोषण आहाराच्या वासाने मळमळणाऱ्या मुलाला वाटपाच्या जागेपासून लांब बसवा. सतत हलणाऱ्या मुलाला जड काम द्या : वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या वर्गात नेणं, फळा पुसणं, कुंड्यांना पाणी घालणं. हात फडफडवणं, डुलणं, गुणगुणणं यांतून ते स्वतःला सावरत असतं. त्यात कुणाला इजा होत नसेल तर थांबवू नका.

मूल अनावर झालं तर

तो हट्ट नसतो. हट्ट करणारं मूल तुमच्याकडे बघत असतं, अनावर झालेल्या मुलाला तुम्ही दिसतही नाही. त्या क्षणी शिकवायचं काही नसतं. बोलणं थांबवा. पंखा चालू ठेवा, दिवे बंद करा. बाकीच्या मुलांना दुसऱ्या बाई शांतपणे बाहेर नेतील, हे आधीच ठरवून ठेवा. टोकदार वस्तू बाजूला सरकवा, स्वतः दोन हात लांब, त्याच्या उंचीला बसा. दाबून धरू नका. डोकं आपटत असेल तर मधे उशी सरकवा. वीस मिनिटं लागतील, कधी चाळीस. शांत झाल्यावर पाणी द्या आणि 'का केलंस असं' हे विचारू नका. ते थकलेलं असतं. वहीच्या तीन रकान्यांत तुम्ही मात्र लिहा, आणि अर्धा तास मागे जाऊन लिहा. ठिणगी बहुधा तिथे असते.

पळून जाणाऱ्या मुलांबाबत कसलीही ढिलाई नको. आपल्या शाळांचं फाटक थेट रस्त्यावर उघडतं, कुठे कुठे रेल्वे रूळ दोन मिनिटांवर. फाटकावरच्या वॉचमनकडे मुलाचा फोटो, पालकांचा नंबर शर्टच्या आतल्या बाजूला शिवलेला, मधल्या सुट्टीत त्याच्यावर कुणाची नजर हे नावानिशी लिहिलेलं. सापडलं नाही तर पोलिसांना लगेच कळवा आणि १०९८ ही मुलांची मदतवाहिनी लक्षात ठेवा. आणि पाण्याचं आकर्षण असलेलं मूल असेल तर टाकीचं झाकण रोज तपासा.

बाकीची मुलं आणि मधली सुट्टी

पालकांची परवानगी असल्याशिवाय वर्गात 'ऑटिझम' हा शब्द काढू नका. मुलांना एवढं पुरतं : "ओमला मोठा आवाज दुखतो. त्याला कार्ड बघून कळतं. तो हात हलवतो तेव्हा त्याला छान वाटत असतं." मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर स्वीकारतात, असा माझा अनुभव आहे.

तासांना वेळापत्रक असतं, मधल्या सुट्टीला काहीच नसतं, म्हणून या मुलांना तीच सगळ्यांत कठीण जाते. तिची छोटी कार्डं करा : हात धुणं, डबा, शू, खेळ. खेळ नियमाचा आणि ठरलेला असू दे, म्हणजे लंगडी, सापशिडी किंवा ठोकळे. दर आठवड्याला दोन मुलं त्याच्याबरोबर खेळणार, आळीपाळीने, म्हणजे एकाच मुलीवर वर्षभर सांभाळायची जबाबदारी पडत नाही.

सण आणि स्नेहसंमेलनाआधी त्या प्रसंगाची चार-सहा वाक्यांची गोष्ट लिहा आणि आठवडाभर रोज वाचा. आमची एक :

"शुक्रवारी शाळेत गणपती येणार आहे. ढोल वाजतील. ढोलाचा आवाज मोठा असतो. मला नको वाटलं तर मी हेडफोन लावीन. मी बाईंना 'थांबायचंय' कार्ड देईन आणि शांत कोपऱ्यात बसेन. मग मला मोदक मिळेल."

मोदक मिळणार असं लिहिलं, तर तो मिळालाच पाहिजे. या मुलांचा लिहिलेल्या शब्दावर फार विश्वास असतो.

घर आणि कागद

घरच्यांशी रोज बोलणं होत नाही, आई कामावरून थेट शाळेत येणार तरी कशी. म्हणून एक छोटी वही घर-शाळा फिरती ठेवा. शाळेतून दोन ओळी, घरून दोन ओळी : झोप झाली का, औषध बदललं का, पाहुणे आलेत का. तक्रारींनी ती भरू नका, त्या वहीची आईला धास्ती बसते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि ऑटिझमचा त्यात समावेश झाला. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीत 'इसा' ही ऑटिझमची भारतीय मापनश्रेणी वापरतात, तिच्यात चाळीस मुद्दे असतात. तुमची निरीक्षणाची वही पालकांबरोबर द्या, डॉक्टरांना तिचा उपयोग होतो. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात, पण कागद आधीपासून तयार लागतात. मार्गदर्शनासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांग संस्था, 'उम्मीद' बालविकास केंद्र आणि शिवडीची जय वकील शाळा ही मुंबईतली ठिकाणं पालकांना सांगत जा.

एप्रिलअखेर : पुढच्या बाईंसाठी एक पान

वर्षभर उभं केलेलं जूनमध्ये नव्या वर्गात शून्यावर येतं, हे मी फार वेळा पाहिलंय. म्हणून सुट्टी लागायच्या आधी एक पान लिहा. ओमच्या पानावर हे होतं :

"मला ओम म्हणतात. मी लिहिलेलं वाचतो. माइकच्या खरखरीने मला त्रास होतो, माइक आधी तपासा. माझी जागा भिंतीकडे, दुसरी रांग. एक सूचना द्या आणि दहा मोजा. मी कान दाबले तर मला शांत कोपऱ्यात जाऊ द्या. 'बदल' कार्ड मला कळतं. मला पाढे येतात, तोंडी विचारू नका, चिठ्ठ्या द्या. डब्यात पोळीचा रोल असतो, तो उघडू नका."

मुलाला नव्या वर्गात, रिकाम्या खोलीत, दोनदा घेऊन जा. नव्या बाईंचा आणि नव्या बाकाचा फोटो घरी द्या, मे महिनाभर तो फ्रीजवर लावून ठेवायला सांगा. त्या पानाची एक प्रत मुख्याध्यापकांकडे, एक पालकांकडे आणि एक त्या कापडी पिशवीत, चिमट्यांच्या डब्याखाली.